गाडी एरंडोलला उभी आहे

त्या मंगळवारी सकाळी निघाले तेव्हा यांनी मोबाइल पाहूनच मला घराबाहेर काढलं. मी केव्हाची तयार होऊन ओट्यावर बसलेले, पोरगी कडेवर, पिशवी पायाशी. हे म्हणाले, बस, गाडी अजून मागंच आहे, उगीच स्टँडवर जाऊन काय करशील, चहा घे. मग एकदम म्हणाले, आता चल. आम्ही मोटारसायकलवर वरणगावच्या स्टँडवर पोचलो अन् गाडी समोरून आलीच. खोटं कशाला बोलू, मला नवल वाटलं. मागं मी तासभर त्या स्टँडवर उभी राहायची, गाडी येईल की नाही याचा जीवाला घोर. आता तो घोर राहिला नाही. पण त्या तासाभरात दोन बाया भेटायच्या, कोणाचं काय चाललंय कळायचं, तेही गेलं.

गाडीत चढले तर खिडकीतून हे म्हणाले, धुळ्याहून परत निघशील तेव्हा गाडीत बसली की पाटीवरचा नंबर सांग. मी हो म्हणलं. दोन-तीन खेपांपासून तसंच चाललेलं. नंबर टाकला की त्यांच्या मोबाइलात गाडी दिसते, रस्त्यावर एक ठिपका सरकत असतो. माझ्याकडं साधा बटनाचा मोबाइल, त्यात काही दिसत नाही. म्हणजे मी गाडीत असते अन् मी कुठं आहे ते यांना दिसतं, मला नाही.

आता हे धुळ्याचं कशाला ते सांगते. माझी गुड्डी जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आत वळलेला होता, तळवा वर बघायचा. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात दर आठवड्याला पाय जरासा सरळ करून प्लास्टर घालतात, पुढच्या आठवड्याला ते कापून पुन्हा थोडा सरळ करतात. एक खेप चुकली तर पाय परत मागं जातो. म्हणून मी दर मंगळवारी वरणगाव, भुसावळ, जळगाव, धुळे, अन् तसंच परत. एकटीच. यांची कारखान्यात ड्यूटी असते, अन् सासूबाई म्हणतात, मी काय त्या दवाखान्यात बसू, माझ्यामुळं थोडीच झालंय.

कोणामुळं झालं ते त्यांनी पक्कं ठरवलेलं आहे. माझ्या मायमुळं (आईमुळं). मी सातव्या महिन्यात माहेरी होते, भडगावकडं, तेव्हा ग्रहण लागलं. पोटुशी बाईनं ग्रहणात हलायचं नाही, पाय मुडपून बसायचं नाही, असं सगळे म्हणतात. माय तापानं पडलेली, तिला कुठलं ग्रहण अन् कुठलं काय. मी मांडी घालून शेंगा फोडत बसले. हे मीच एकदा सासरी बोलता बोलता बोलून गेले. बस, तेव्हापासून माहेर बंद. मायनं कोणाच्या मोबाइलवरून फोन केला तरी घ्यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा अन् पायाचा काही संबंध नाही, मी घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरला काय माहीत.

मग मी काय करायची, परत येताना एरंडोलला उतरायची. माय भडगावहून तिथं यायची. आम्ही स्टँडच्या बाकड्यावर बसायचो, पुढची गाडी येईपर्यंत. ती कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणायची, गुड्डीला मांडीवर घ्यायची, प्लास्टरवरून हात फिरवायची. घरी येऊन मी म्हणायची, गाडी उशिरा आली. कोण काय म्हणणार. गाडी उशिरा येतेच. सासुरवाशिणीला तेवढंच एक बोलायला होतं अन् तेही खरं वाटायचं. आता मोबाइलात गाडी दिसायला लागली अन् ते गेलं.

पण हा मंगळवार वेगळा होता. त्या दिवशी शेवटचं प्लास्टर निघणार होतं. मायला मी आधीच्या खेपेला गाडीच्या खिडकीतूनच सांगून ठेवलेलं, की पाय सरळ झालेला तू तुझ्या डोळ्यांनी पाहा. ती म्हणाली, मी वाळे आणते. आमच्याकडं नातीच्या पायात पहिले वाळे मायघरचे पडतात. इतके दिवस एक पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिनं घातले नव्हते, एका पायात कसे घालायचे. मी मनात सगळं बसवून ठेवलेलं. उतरायचं नाही, चुकवायचं नाही. जी गाडी एरंडोलच्या स्टँडमध्ये जाते तीच धरायची. तिथं ड्रायव्हर-कंडक्टर चहा पितात. तेवढ्या वेळात माय पाय बघेल, वाळे घालेल, अन् मी त्याच गाडीनं पुढं. ठिपका थांबला तर चहाला थांबलाय, त्यात कोणाला काय दिसणार. एवढं साधं होतं.

जळगावला गाडी बदलली. पूर्वी त्या स्टँडवर सगळ्यांच्या तोंडी एकच, भाऊ धुळ्याची लागली का, भाऊ पारोळ्याची गेली का. आता अर्धी माणसं मान खाली घालून मोबाइलात बघत उभी असतात. एकजण धावला की त्याच्यामागं दहा धावतात. मी पण धावले, कुठली गाडी ते न बघता. धुळ्याचीच निघाली, नशीब.

जळगाव सोडलं की गिरणेचा पूल, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. रस्ता आता पाठ झालाय. उन्हाळ्यात सगळं रान पांढरं पडतं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, विहिरीच्या कडेला तेवढा हिरवा तुकडा. गाडीच्या पत्र्याला हात लावला की चटका. गुड्डीच्या प्लास्टरमध्ये घाम धरायचा, ती रडायची, मी पेपरानं वारा घालायची. एरंडोल आलं तेव्हा मी स्टँडकडं बघितलं. माय एवढ्या सकाळी येणार नव्हती, माहीत होतं, तरी बघितलं.

दवाखान्यात तो माणूस मशीन घेऊन आला. त्या मशीनच्या आवाजानं गुड्डी काळीनिळी होते दर वेळी. मी तिचे हात धरले अन् डोळे मिटून घेतले. प्लास्टर फुटलं, कापूस निघाला, अन् आतून पाय आला. पांढरा फटक, काडीसारखा, पापुद्रे सुटलेले. पण सरळ. दुसऱ्या पायाशेजारी ठेवला तर दोघं सारखे, तळवे माझ्याकडं करून. मी रडले तर तिथली नर्स म्हणाली, आता काय रडता ताई, आता तर झालं. मग बूट दिले, दोन बुटांच्या मधी लोखंडी पट्टी. डॉक्टर म्हणाले, रात्रंदिवस घालायचे, आंघोळीपुरते काढायचे, कंटाळा केला तर पाय पुन्हा वळेल. मला तेवढंच ऐकू येत राहिलं, पुन्हा वळेल, पुन्हा वळेल.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागलेलीच होती, मी कंडक्टरला विचारून खात्री केली, एरंडोलच्या स्टँडमध्ये जाते ना. जाते म्हणाला. मग यांना नंबर सांगितला. हे ड्यूटीच्या गेटवर होते, आत गेलं की मोबाइल पेटीत ठेवून घेतात. म्हणाले, बरं, सुटलो की बघतो. अन् ठेवला. मी स्टँडवरून एक पोहे घेतले, गार होते, खाल्ले. गुड्डी पट्टीच्या बुटात पाय हलवायला बघायची, दोन्ही पाय बरोबर हलायचे, ती चमकून बुटांकडं बघायची. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

पारोळा सुटलं. एरंडोल आता पुढचंच. मी केस नीट केले, गुड्डीचं तोंड पुसलं, अन् डाव्या बुटाचा पट्टा कसा पटकन सुटतो ते करून बघितलं. तेवढ्यात खालून खडखड आवाज आला, जळका वास आला अन् गाडी कडेला जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं, अन् कंडक्टरला नुसता हात हलवला.

सगळे उतरलो. एक कडुलिंबाचं झाड होतं, बाया त्याच्याखाली. माझ्याशेजारी एक अक्का येऊन बसल्या, गुडघ्याला पट्टी बांधलेली, जळगावला लेकीकडं चाललेल्या. माझ्या माहेरकडच्याच बोलीच्या. सासरी मी आहेच्या जागी शे म्हणलं की सगळे हसतात, म्हणून मी ते तोंडातून काढून टाकलंय, पण अक्का बोलायला लागल्या तर मला एकदम घरात बसल्यासारखं झालं. त्यांनी बुटांकडं बघून विचारलं,

"इना पायले काय हुयनं वं माय?" (हिच्या पायाला काय झालं)

मी सगळं सांगितलं. ग्रहणाचं पण सांगितलं, का कोण जाणे. मायचं पण, की ती एरंडोलला बसली असेल, तिच्याकडं मोबाइल नाही, तिला कसं कळवू. अक्का म्हणाल्या, दखाड बरं (दाखव बरं). मी भीत भीत पट्टा सोडला. त्यांनी गुड्डीचा पाय तळहातावर घेतला, अंगठ्यानं टाचेपासून बोटांपर्यंत दाबत नेला, जशा घरच्या बाया तेल लावताना बघतात तसा.

"सरय शे वं. कोणी म्हनाव नही वाकडा व्हता." (सरय म्हणजे सरळ.)

मी घाईघाईनं बूट घातला.

तिकडं माणसांचा घोळका एका भाऊभोवती. पँटशर्ट, गळ्यात बॅग, हातात मोठा मोबाइल. तो सगळ्यांना वाचून दाखवत होता, कथा सांगितल्यासारखा. मागून एक जलद गाडी येतेय, पारोळ्याजवळ आलीय, दहा मिनिटांत इथं. कंडक्टरनंही फोन लावला, तो म्हणाला तिच्यात बसवतो सगळ्यांना. मी पुढं होऊन विचारलं, ती एरंडोलच्या स्टँडमध्ये जाते का.

"नाही ताई, ती वरच्या वर हायवेनं जाते. म्हणून तर लवकर पोचते."

"मग स्टँडमध्ये जाणारी?"

त्यानं मोबाइल वरखाली केला. "अशी एकही दिसत नाही. संध्याकाळपर्यंत नाही दिसत. बसा हिच्यातच, उन्हात पोर घेऊन काय करता."

अक्का झाडाखालूनच म्हणाल्या, त्या नाही जाणार. त्या गाडीत जागा नसेल, गुडघ्यानं उभं राहवत नाही. मागून एखादी जुनी गाडी येईल, स्टँड-स्टँड करत, तिच्यानं जाऊ. मला म्हणाल्या तू पण थांब. तो भाऊ हसला. म्हणाला, अक्का, मोबाइलात काहीच नाही मागं.

"मोबाइलमां दिखनी नही म्हनीसन काय गाडी येवाव नही का?" अक्का म्हणाल्या. "मना लगीन व्हयनं तठपाइन मी याच रस्तावर बसेल शे." (लग्न झालं तेव्हापासून.)

दोन-चार जण हसले. मी हसले नाही. मी सांगते मला काय वाटत होतं. एकीकडं माय, बाकड्यावर बसलेली, पदराच्या गाठीत वाळे. दुसरीकडं हे, सुटल्यावर मोबाइल पेटीतून काढतील अन् बघतील. गाडी बंद पडली तर दुसरी येत होती, तिच्यात का नाही बसलीस, झाडाखाली काय करत होतीस, कोणाची वाट बघत होतीस. मी यांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. पेटीत असणार. गुड्डी उन्हानं लाल झालेली. अन् त्या भाऊनं एवढं खात्रीनं सांगितलं, काहीच नाही मागं. सगळे शिकलेले लोक त्याचंच ऐकत होते. मी सातवीत शाळा सोडलेली, मी कुठं अक्काचं ऐकून थांबू.

जलद गाडी आली. मी चढले. चढताना अक्काला म्हणलं, तुमची गाडी आली अन् स्टँडमध्ये गेली तर हिरव्या लुगड्यातली बाई बसली असेल, कपाळावर मोठं गोंदण आहे, तिला सांगा गाडी बंद पडली. अक्कांनी नुसती मान हलवली. रागावल्या होत्या बहुतेक.

आत पाय ठेवायला जागा नाही. आमच्यासारखेच मोबाइलात बघून पारोळ्याला पण लोक हिच्यातच घुसलेले, सगळ्यांना हीच लवकर पोचणार म्हणून दिसलेली. एका बाईनं कुरकुरत मला अर्धी जागा दिली. एरंडोल दिसायला लागलं. मी उठले अन् कंडक्टरला म्हणलं, भाऊ, फाट्यावर एक मिनिट थांबवा, मी उतरते. तो म्हणाला,

"ताई, ही थांबत नाही. आधीच उशीर दाखवतेय, अन् हे सगळे मोबाइल घेऊन बसलेत. मिनिटभर थांबलो तर माझ्यावर धावून येतात."

मागून कोणीतरी म्हणालंच, चला हो, कुठं थांबता.

गाव बाजूनं गेलं. पत्र्यांची छपरं, पाण्याची टाकी, अन् स्टँडकडं जाणारा रस्ता मला दिसला, त्या रस्त्यावर एक म्हातारा सायकल हातानं ढकलत चाललेला. त्याला बघत राहिले मी. तो जातोय स्टँडकडं, अन् मी नाही. गुड्डी झोपली होती. बुटाची पट्टी माझ्या बरगडीत रुतत होती, मी तशीच रुतू दिली.

मग गिरणेच्या पुलाच्या अलीकडं सगळं थांबलं. पुढं कुठंतरी ट्रक आडवा झालेला. तो बॅगवाला भाऊ म्हणाला, रस्ता लाल दाखवतोय. ते तर खिडकीतूनही दिसत होतं. कोणीतरी त्याला म्हणालं, भाऊ, आता मोबाइललाच धक्का मारायला सांगा. त्यानं मोबाइल बॅगेत टाकला. काही माणसं उतरून पायी निघाली. आम्ही पाण्यावाचून बसून राहिलो, गुड्डी उठली, दुधासाठी रडली, माणसांच्या गर्दीत पदर ओढून तिला पाजलं. नदीत पाणी नव्हतं, वाळूतून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गेलेल्या.

जळगावच्या स्टँडवर उतरले. नळावर तोंड धुतलं, गुड्डीचं धुतलं. तेवढ्यात एक जुनी गाडी आत आली, धुरळ्यानं माखलेली, काचा नसलेली. अन् तिच्यातून अक्का उतरल्या. दांडीला धरून, एक पाय, मग दुसरा पाय. जागेवर बसून आलेल्या. आम्ही अन् त्या एकाच वेळेला पोचलो. ती गाडी त्या भाऊच्या मोबाइलात नव्हतीच, जुनी असेल, तिच्यात ते यंत्र बसवलेलं नसेल. रस्त्यावर मात्र होती.

मी धावत गेले. मला विचारायची पण भीती वाटत होती. अक्काच बोलल्या.

"व्हती तुनी माय. बाकडावर बसेल व्हती. मी सांगं, गाडी बंद पडनी, आंडेर वरल्या गाडीमां चालनी गई." (आंडेर म्हणजे लेक.)

"काय म्हणाली?"

"इचारं, पाय कसा शे. मी सांगं, सरय शे. मी मना हातवर लिसन दखं." (हातावर घेऊन पाहिला.)

 अक्कांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, ती रडली थोडी. मग पदर सोडून वाळे दाखवले. अक्का तिला म्हणाल्या, दे माझ्याकडं, जळगावात भेटली तर तुझ्या लेकीला देते. मायनं वाळे अक्कांच्या हातात ठेवले, अन् परत उचलून घेतले.

"म्हने, नको अक्का. मीच घालसू मना हातवरी."

अक्कांची लेक घ्यायला आली होती, त्या गेल्या. जाताना गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवला. थांबली असती तर, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भुसावळमार्गे वरणगावला पोचेपर्यंत दिवे लागले. स्टँडवर हे आले नव्हते. मी पायीच घरी गेले. ओट्यावर हे अन् सासूबाई बसलेले, मधी मोबाइल. मी पिशवी ठेवली अन् म्हणलं, पाय सरळ झाला, बूट दिलेत. कोणी गुड्डीकडं बघितलं नाही. यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. रस्ता होता, गावाचं नाव होतं अन् त्याच्यावर ठिपका.

"तुझी गाडी अजून एरंडोलच्या स्टँडवर उभी आहे. मी सुटलो तेव्हापासून पाहतोय. मग तू आली कशात?"

मी सांगितलं. गाडी वाटेत बंद पडली, तिला ओढून तिथं डेपोत नेलं असेल. आम्हाला दुसरीत बसवलं, ती एरंडोलात गेलीच नाही. पुलावर ट्रक आडवा होता म्हणून उशीर झाला. मी फोन लावले तर तुमचा बंद. सगळं खरं, पण माझ्या तोंडून असं धाप लागून निघत होतं की माझं मलाच खोटं वाटायला लागलं. हे म्हणाले, भडगावची गाडी एरंडोललाच येते, मग बंद पडलेली गाडी नेमकी तुझ्या मायच्या पायाशीच जाऊन कशी उभी राहिली? सासूबाई म्हणाल्या,

"मले काय येडी समजते का वं? तोंडच सांगू राह्यलं तुह्यं. भेटून आली ना मायले?"

मी दोघांकडं बघितलं. मग त्या ठिपक्याकडं बघितलं. दिवसभर मी भीत होते की तो ठिपका पुढं निघून जाईल अन् मी मागं सापडेन. झालं उलटंच. मी पुढं निघून आले होते अन् तो माझ्यासाठी तिथं थांबला होता.

"हो," मी म्हणलं. "भेटले."

 सासूबाईंना मी नाही म्हणणं हवं होतं, अजून भांडायला. मग त्यांनी विचारलं, काय म्हनली.

"बाकड्यावर बसलेली होती. पाय हातात घेऊन बघितला. म्हणाली, सरळ शे. कोणी म्हणणार नाही वाकडा होता."

शे म्हणलं मी, त्या ओट्यावर, अन् कोणी हसलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. आता महिन्याला एकदा पाय दाखवायला जायचं तर सासूबाई बरोबर असतात, खिडकीपाशी त्या अन् आत मी. गाडी एरंडोलच्या स्टँडमध्ये चहाला थांबते तेव्हा त्या माझा हात धरून ठेवतात, जशी मी उडी मारीन. माय येते का तिथं, मला माहीत नाही. मी मान वर करत नाही. वाळे अजून तिच्याकडंच आहेत, अन् गुड्डीचे पाय मोठे व्हायला लागलेत.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गाडी मोबाइलात तिथंच उभी दिसत होती. हे मला अधूनमधून आणून दाखवायचे, बघ, बघ म्हणून. मी बघायची. त्यांना वाटायचं मला लाज वाटावी. मी बघायची की अजून आहे का. जोवर ठिपका तिथं, तोवर माय, मी अन् गुड्डी, आम्ही तिघी बाकड्यावर बसलेल्या होतो.